बोळिंजी शेळ्यांची आत्या

फेबियनचा जन्म वीस जानेवारीचा. चर्चच्या कॅलेंडरात त्या दिवशी संत फेबियनचं नाव असतं, म्हणून आईबापांनी फार डोकं न खाजवता तेच ठेवलं. आमच्या बोळिंजमधल्या ख्रिस्ती घरांतली ही जुनी रीत. मूल ज्या दिवशी होईल त्या दिवसाचा संत पाहायचा आणि मोकळं व्हायचं. फेबियनने ही रीत शेळ्यांना लावली आणि तिथून त्याच्या मागे साडेसाती लागली.

मी प्रेमलता, त्याची शेजारीण. आमच्या दोन वाड्यांच्या मध्ये फक्त मेंदीचं कुंपण होतं. मी गावच्या शाळेत शिकवत असे आणि शेळीपालक मंडळाची चिटणीसही होते. माझ्याकडे शेळीची लेंडीसुद्धा नव्हती, पण अक्षर चांगलं होतं. गावात अक्षर चांगलं असणं हा गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा जन्मठेप असते, हे मी स्वानुभवाने सांगते.

फेबियन लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. उंच, किडकिडीत, हसायला लागला की आधी खांदे हलायचे आणि मग आवाज यायचा. लग्नसराईत वाजवायचं आणि उरलेल्या दिवसांत शेळ्या पाळायच्या, असा त्याचा संसार. धार काढताना तो गोठ्यात क्लॅरनेट वाजवायला बसायचा आणि धार काढायची त्याच्या बायकोने, मटिल्डाने. वाजवल्यामुळे शेळ्या जास्त दूध देतात, असा त्याचा दावा होता. मटिल्डाचं म्हणणं, "दाव्याला बांधलेल्या हायत बिचाऱ्या, दूध देऊन सुटका होते काय बघतात." (आमच्या आळीची बोली जशीच्या तशी लिहिली तर विरारच्या पलीकडे कोणाला कळायची नाही. म्हणून मी ती थोडी चाळून घेते आहे.)

आता घोटाळा असा झाला. शेळ्या पाळणाऱ्याने दरवर्षी काही शेळ्या विकायच्याच असतात, नाहीतर गोठा फुटतो. आमच्याकडे गिऱ्हाईक एकच, खाटीक. फेबियनला मटण जिवापाड आवडायचं, ख्रिसमसला तो दुसऱ्याच्या घरचंही चाखून यायचा. पण स्वतःच्या गोठ्यातली द्यायची वेळ आली की तो एकेकीची वकिली करायला लागायचा.

"ती कोपऱ्यातली द्या," खाटीक म्हणायचा.

"ती सेसिलिया हाय. संगीताची संत. मी क्लॅरनेट वाजवणारा माणूस, सेसिलियाला सुरीखाली देऊ?"

"मग ती बाजूची?"

"ल्युसी? डोळ्यांची संत हाय ती. माझ्या आईचा मोतीबिंदू..."

"अहो, तुमच्याकडे बकऱ्या हायत की देऊळ हाय?" असं म्हणून खाटीक सायकलवर टांग मारायचा. फादरांनीही त्याला एकदा चर्चच्या पायरीवर हटकलं होतं. संतांची नावं बकऱ्यांना, हे शोभतं का? फेबियन म्हणाला, "फादर, आपण पोरांना संतांची नावं देतो ती त्यांनी संतासारखं वागावं म्हणून. आळीतल्या पोरांचं तुम्ही बघताच. माझ्या बकऱ्यांनी अजून कोणाला शिवी दिलेली नाय." फादर हसू दाबत आत गेले आणि तो विषय तिथेच राहिला.

या शेळ्या साध्या नव्हत्या, हे मात्र खरं. पांढऱ्याशुभ्र, बिनशिंगाच्या, भरल्या कासेच्या, आणि प्रत्येकीच्या उजव्या कानावर एक तपकिरी ठिपका. त्यांची आई सुरती आणि बाप अर्धा सानेन, म्हणजे विलायती. आई भागूबाईंची आणि बाप फेबियनचा. भांडणाचं मूळ इथे आहे.

भागूबाई आमच्याच गावच्या, पलीकडच्या आळीतल्या. त्यांची केळीची आणि पानवेलीची वाडी होती. नवरा तरुणपणी गेला, त्याने गुजरातच्या बाजूने मचव्यातून आणलेली सुरती शेळी मात्र मागे राहिली. तिच्यावर भागूबाईंचा भारी जीव. बाईंची जीभ विळ्यासारखी होती आणि मन, कोणाला दिसू नये म्हणून, त्या विळ्याच्या मागे ठेवलेलं. सख्खा भाऊ लहानपणीच वारला होता. भाऊबीजेला त्या अंगणात पाट मांडायच्या आणि चंद्राला ओवाळायच्या. मी दरवर्षी त्यांच्या वाडीच्या कुंपणापलीकडून पाहत असे.

फेबियनला बोकड मिळाला तो एका साहेबांकडून. समुद्राकाठी बंगला असलेल्या त्या साहेबांनी हौसेने सरकारी फार्मावरून अर्धा विलायती बोकड आणला, आणि त्याचा वास बंगल्यात शिरल्यावर हौस फिटली. मुलीच्या लग्नात फेबियनचं क्लॅरनेट ऐकून खूश झाले, तेव्हा त्यांनी शालीऐवजी बोकडच देऊन टाकला. तो दिवस सतरा मेचा, संत पास्कोलचा. म्हणून बोकडाचं नाव पास्कोल. मटिल्डाने पहिल्याच वासाला सांगितलं, "हा तरी ऱ्हाईल घरात, नाय तर मी." फेबियनने दोघांचा विचार केला आणि पास्कोलला भागूबाईंच्या वाडीत नेऊन बांधला.

ठराव सोपा झाला. बोकड फेबियनचा, चारा भागूबाईंचा. पानवेलीच्या आधाराला लावलेला पांगारा आणि शेवरी त्यांच्याकडे रग्गड होती. पिलं झाली की जुळ्यातलं एक फेबियनकडे, एक भागूबाईंकडे. पुढे लेकी व्यायल्या तरी तोच ठराव. पास्कोल थकल्यावर साहेबांनीच त्याच रंगरूपाचा दुसरा बोकड मिळवून दिला, तोही भागूबाईंकडेच राहिला. अशा रीतीने दोन गोठे भरले. एकाच पोटच्या बहिणी, अर्ध्या इकडे आणि अर्ध्या तिकडे.

भागूबाईंना संतांशी काय करायचं? त्या तिथीवरून नावं ठेवायच्या. अमावास्येची ती आवशी, पौर्णिमेची पुनव, चतुर्थीची चवथी. म्हणजे फेबियनची ल्युसी आणि भागूबाईंची आवशी जुळ्या. फेबियनची कॅथरीन आणि भागूबाईंची पुनव जुळ्या. फेबियनची आग्नेस आणि भागूबाईंची चवथी जुळ्या. आग्नेस ही फेबियनची सगळ्यांत लाडकी. तो क्लॅरनेट उचलायचा तेव्हा ती रवंथ थांबवायची. मटिल्डा म्हणायची, घरात ऐकून घेणारी तेवढी एकच हाय.

एक्क्याऐंशी साली सरकारने योजना काढली. गरजू घरांना दुभती शेळी द्यायची, पण ती नोंदलेल्या जातीची हवी. त्यासाठी फेब्रुवारीत आमच्या शाळेच्या मैदानात प्रदर्शन भरलं. बांबूचे कप्पे केले, त्यांवर मी माझ्या चांगल्या अक्षरात पाट्या लिहिल्या: सुरती, सानेन, संगमनेरी, आणि शेवटची गावठी मिश्र. नोंदलेली शेळी योजनेतून कोणाच्या तरी दारी दुधासाठी जाणार आणि गावठी मिश्र खाटकाकडे जाणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. फेबियनला तर फारच ठाऊक होतं, कारण गोठ्यात आता पाय ठेवायला जागा नव्हती आणि मागच्याच आठवड्यात सुटलेल्या शेळ्यांनी मटिल्डाचा मोगरा मुळापर्यंत चरून टाकला होता.

सकाळी फेबियन आग्नेसला घेऊन आला. गळ्यात घंटा, अंगाला साबणाचा वास. "बाई, लिहा. सानेन."

मी लिहिलं. थोड्या वेळाने भागूबाई चवथीला घेऊन आल्या. कपाळाला कुंकू. "प्रेमा, लिही. सुरती."

मी तेही लिहिलं. मी चिटणीस होते, न्यायाधीश नव्हते.

जनावरांचे डॉक्टर कुलथे हे देशावरून नव्याने बदलून आलेले तरुण गृहस्थ, कडक इस्त्रीचे आणि सरळ मनाचे. ते सानेनचा कप्पा पाहून सुरतीकडे गेले, थबकले, परत सानेनकडे आले. तेवढ्यात आग्नेस ओरडली आणि तिकडून चवथीने ओ दिली.

"बाई," डॉक्टर मला म्हणाले, "या दोघी बहिणी वाटतात."

"वाटत नाहीत, आहेत. जुळ्या."

"मग एक सानेन आणि एक सुरती कशी?"

"एक फेबियनची आहे, एक भागूबाईंची."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. तोवर दोघे मालक आलेच.

"साहेब, पोरं बापाचं नाव लावतात," फेबियन म्हणाला. "जगाची रीत हाय. बाप सानेन, म्हणून पोरी सानेन."

"बाप!" भागूबाईंनी पदर खोचला. "अरे, तुझा बाप माझ्या वाडीत जेवला, माझ्या वाडीत झोपला, माझाच पांगारा खाऊन माजला. घरजावई तो! घरजावयाचं नाव कवा कोनी लावलंय?"

"घरजावई झाला तरी नवराच ना?"

"नवरा असंल. पर घर कोनाचं?"

मैदानातले लोक कडेला जमले. कोणी फेबियनच्या बाजूने, कोणी भागूबाईंच्या. गावातले खरे दोन घरजावई हळूच मागे सरकले. डॉक्टरांनी हात वर केला आणि म्हणाले, की अर्ध्या विलायती बापाची ही लेक सानेन नाही आणि अशा बापाची लेक सुरतीही नाही. त्यांनी दोन्ही नोंदी खोडल्या आणि दोघींना शेवटच्या कप्प्यात नेलं. गावठी मिश्र.

एरवी दोन तास वाद घालणाऱ्या फेबियनने आग्नेसची दोरी हातात घेतली आणि तो घरी गेला. मला वाईट वाटलं, आणि रागही आला. दोघांचा. एक नाव सांगितलं असतं तर यांचं काय बिघडलं असतं?

त्या संध्याकाळी मटिल्डाने कुंपणाशी मला हाक मारली. "बाई, मी खाटकाला सांगून आले. आता उपवासकाळ लागेल, आपली मानसं मटन खानार नाय, म्हणून तो ईस्टरच्या आदल्या दिवशी येईल. पयली आग्नेस. तिला अजून दूध नाय, ती बसून खाते." मग तिचा आवाज उतरला. "मना काय हौस हाय? पर चारा कुठून आणू? भागूबाईनं शेवरीचा एक डहाळा देनार नाय म्हणून सांगितलंय."

म्हणजे उपवासकाळ, ईस्टरआधीचे चाळीस दिवस, संपेपर्यंतची मुदत. फेबियनला त्या दिवसांत काम नसायचं, उपवासकाळात ख्रिस्ती लग्नं होत नाहीत. तो गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून राहायचा. क्लॅरनेट खुंटीला. आग्नेस त्याच्याकडे पाहत रवंथ थांबवून उभी राहायची, आणि काहीच ऐकू येत नाही म्हणून पुन्हा सुरू करायची. मला ते बघवेना. मी सरळ डॉक्टरांकडे गेले आणि विचारलं, या शेळ्यांना जगायला काही वाट आहे की नाही.

डॉक्टर कुलथ्यांना मी कागदी माणूस समजत होते, पण त्यांनाही रुखरुख लागली होती. "शेळ्या उत्तम आहेत हो, बाई," ते म्हणाले. "योजनेत नव्या स्थानिक वाणाची सोय आहे. पण तीन पिढ्या सारख्या रूपाच्या दाखवायच्या आणि प्रत्येक पिढीचं जन्मवर्ष पुराव्यानिशी द्यायचं. आणि वाणाला नाव एकच हवं. दोन गोठे, दोन नावं, हे चालणार नाही."

रूप दाखवणं सोपं होतं, शेळ्या समोर होत्या. वर्ष कोण सांगणार? मी एका रविवारी चर्च सुटल्यावर सगळ्यांना शाळेत बोलावलं. भागूबाई येणार नाहीत असं वाटलं होतं, पण भांडण होणार असेल तिथे त्या चुकत नसत. डॉक्टर खुर्चीवर, आम्ही मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून.

"ल्युसी कोणत्या सालची?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्र्याहत्तर," फेबियन म्हणाला. "आमच्या धाकट्या भावाच्या, आल्बर्टच्या लग्नाआधीची."

"खोटं! आणीबानीतली हाय ती. मना पक्कं ठावं."

"आणीबाणीत ती व्यायला आली होती!"

"तुझ्या डोक्यात क्लॅरनेटचं भोक पडलंय, फेबियन!"

"बरं, महिना तरी?" डॉक्टर केविलवाणे झाले होते.

"महिना काय, तारीख सांगतो. तेरा डिसेंबर. संत ल्युसीचा दिवस. त्याशिवाय तिचं नाव ल्युसी कशाला पडेल?"

"तारीख कसली सांगतो?" भागूबाई उसळल्या. "आवस होती त्या दिवशी! आवसेला आमचा रहाट बंद असतो, म्हणून तर मी दिवसभर तिच्याजवळ बसले होते. तू आलास पिलू न्यायला, आयता, केसाला तेल लावून!"

डॉक्टर उभे राहिले. "थांबा, थांबा. दोघांचं खरं असेल तर? तेरा डिसेंबर आणि त्याच दिवशी अमावास्या. हे दर वर्षी जमत नाही. असं कोणत्या साली होतं?"

मग मी पळत सुटले ते जोशीबुवांच्या घराकडे. जोशीबुवा गावचे भिक्षुक, जुनं पंचांग टाकणं त्यांना पाप वाटायचं. माळ्यावरचं अख्खं गाठोडं काखेत मारून ते माझ्या मागे आले. तोवर कोणीतरी फादरांनाही बोलावून आणलं होतं, संतांचे दिवस पडताळायला. फादर आणि जोशीबुवा पहिलीच्या बाकावर शेजारीशेजारी बसले. तसं बसलेलं त्यांना गावाने त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यानंतर बरेचदा पाहिलं, कारण दोघांनाही तपकिरीचा शौक निघाला.

जोशीबुवांनी पंचांगं उलटली. त्र्याहत्तर, नाही. पंचाहत्तर, नाही. शहात्तर, नाही. "चौऱ्याहत्तर!" ते ओरडले. "तेरा डिसेंबर, शुक्रवार, कार्तिक अमावास्या!"

"बघ," फेबियन भागूबाईंना म्हणाला.

"काय बघ? तू त्र्याहत्तर म्हनत होतास."

"आणि तू आणीबाणी!"

दुसऱ्या पिढीची जोडी कॅथरीन आणि पुनव, ल्युसीच्या लेकी. फेबियनने पंचवीस नोव्हेंबर सांगितलं. फादरांनी कॅलेंडर पाहिलं आणि मान हलवली. "फेबियन, संत कॅथरीन नव्या कॅलेंडरात नाही. रोमहून काढलंय ते नाव, काही वर्षं झाली."

फेबियनचा चेहरा पडला. एका पिढीचा पुरावा रोमने उडवला होता. तेवढ्यात मागच्या बाकावरून मटिल्डा उठली आणि तिने पिशवीतून सासूचं जुनं प्रार्थनापुस्तक काढलं. त्यात जुनं कॅलेंडर होतं, आणि पंचवीस नोव्हेंबरला कॅथरीन आपल्या जागेवर होती. "आमच्या घरी ह्याच्यावरूनच नावं ठेवतात, फादर," ती म्हणाली. "रोममधून गेली असंल, आमच्या गोठ्यातून नाय गेली." सगळ्यांत मोठ्याने हसले ते फादरच. जोशीबुवांनी तोवर पंचांग उघडलं होतं: सत्त्याहत्तर, पंचवीस नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा.

तिसऱ्या पिढीच्या आग्नेस आणि चवथीला तर काही वेळच लागला नाही. ऐंशी सालची एकवीस जानेवारी, माघी गणेश चतुर्थी. डॉक्टरांनी तीन वर्षं तीन ओळींत लिहिली आणि स्वतःशीच हसत बसले. म्हणाले, नोकरीत असा पुरावा कधी पाहिला नाही आणि कोणी नाही म्हणालं तर मी ठाण्याच्या जिल्हा कचेरीपर्यंत भांडेन. एकट्या संताने वर्ष कळलं नसतं, एकट्या तिथीने तर तारीखही नाही. हे त्या दोघांच्याही ध्यानात आलं असावं, कारण दोघंही खाली पाहत होते.

"आता फक्त नाव," डॉक्टर म्हणाले.

झालं! "सानेन" आणि "सुरती" एकाच वेळी तोंडातून बाहेर पडलं. फेबियन म्हणाला पाहिजे तर सानेन-सुरती करा. भागूबाई म्हणाल्या सुरती आधी. फेबियन म्हणाला बाप आधी. त्या म्हणाल्या घरजावई मागून. माझा पारा चढला. मी टेबलावर पट्टी आपटली, पहिलीच्या वर्गावर आपटते तशी. "ईस्टर आठवड्यावर आलाय. आग्नेसला खाटकाच्या सायकलवर बसवताना तिच्या गळ्यात कोणती पाटी लावायची, ते ठरवताय का तुम्ही?"

फेबियन पांढराफटक पडला. मग उठला आणि भागूबाईंच्या समोर जाऊन उभा राहिला.

"भागूबाय, तुमच्यात बारशाला नाव कोन ठेवतं?"

"आत्या. हे काय विचारनं झालं?"

"आत्या म्हणजे बापाची बहीण."

"मग?"

"बाप माझा. पास्कोलला मी भावासारखा मानला. तर मग तू माझी बहीण हो. म्हणजे तू पोरींची आत्या. तू नाव ठेव. सुरती ठेव, नायतर काय पण ठेव. मी एक शब्द बोलनार नाय."

भागूबाईंचा विळा म्यान झाला. त्यांनी पदराने नाक पुसलं, डोळे पुसले, पुन्हा नाक पुसलं.

"मेल्या," त्या म्हणाल्या, "आधी नाय सुचलं तुना? म्हातारी झाले मी."

मग त्या विचार करत बसल्या. सुरती म्हणतील अशी आमची खात्री होती. त्या नावात त्यांचा नवरा होता, मचवा होता, सगळं तरुणपण होतं.

"आमच्या घरधन्यानं सुरतेहून आनली होती यांच्या पनजीला," त्या हळू म्हणाल्या. "पर या पोरींनी सुरत नाय बघितली. नि तुझं ते विलायत पन नाय बघितलं. बोळिंजचा पांगारा खाल्ला, बोळिंजचं पानी प्यायल्या. बोळिंजी म्हना त्यांना."

आणि त्या उठल्या, शाळेच्या अंगणात बांधलेल्या आग्नेसजवळ गेल्या, तिच्या ठिपक्याच्या कानाशी तोंड नेलं आणि बारशात करतात तसं जोरात म्हणाल्या, "कुर्रर्र... बोळिंजी!" आग्नेसने कान झाडला. फेबियन घरी धावला, खुंटीवरचं क्लॅरनेट घेऊन आला आणि उपवासकाळ चालू आहे हे विसरून लग्नातली धून वाजवायला लागला. फादरांनी पाठ फिरवली, न ऐकल्यासारखं केलं, पण त्यांचा पाय ताल धरत होता. मी तो पाहिला.

ईस्टरच्या आदल्या दिवशी खाटीक आला आणि मटिल्डाने त्याला चहा पाजून परत पाठवला. नोंद मंजूर झाली आणि योजनेतून पहिली शेळी गेली ती आग्नेस. मनवेलपाड्याच्या रखमाबाईंकडे, भाताची शेती करणाऱ्या एका गरीब घरी. फेबियन स्वतः पोचवायला गेला. पाठवणीला वाजवतात ते त्याने रस्ताभर वाजवलं आणि मधेमधे थांबून रडला. भागूबाई शेवरीचा भारा डोक्यावर घेऊन मागून चालत होत्या आणि त्याला म्हणत होत्या, "रडतोस काय, सासरीच चाललीय ना?" त्यांचाही आवाज काही धड नव्हता.

त्या वर्षी भाऊबीजेला मी कुंपणापलीकडून पाहायची गरजच पडली नाही, मलाही बोलावणं होतं. पाटावर फेबियन बसला होता, बँडचा पांढरा कोट घालून. ओवाळून झाल्यावर भागूबाईंनी निरांजन पुन्हा वर उचललं आणि चंद्रालाही ओवाळलं. "त्याला एकदम कसं सोडू? इतकी वर्षं तोच आला," त्या म्हणाल्या.

आणि मग आला ब्याऐंशीचा जानेवारी. विसाव्या दिवशी सकाळी मनवेलपाड्याहून रखमाबाई चालत आल्या, धापा टाकत. आम्ही तिघं भागूबाईंच्या ओट्यावर होतो.

"आग्नेस व्याली! एकच हाय, पन बोकड हाय. काय धिप्पाड हाय वो! कानावर ठिपका पन हाय. तुमच्यात नाव दिवसावरून ठेवतात ना? म्हनून इचारायला आले. आज कोन संत हाय?"

फेबियन ओट्यावरून उठला आणि परत बसला. त्याच्या वाढदिवसाचा केक मटिल्डा घरी भाजत होती. मला हसू आवरेना. भागूबाईंना आधी कळलं नाही, मग कळलं, आणि त्या ओट्यावर मांडी थोपटत इतक्या हसल्या की ठसका लागला.

"सांग की रे! कोन संत?"

"फेबियन," फेबियन म्हणाला.

"नि तिथी?" रखमाबाईंनी विचारलं. त्या दोन्ही बाजू सांभाळणाऱ्या बाई होत्या.

"एकादशी!" भागूबाईंनी डोळे पुसले. "उपासाची! झालं तुझं काम, भावा. इकडून संत आनि तिकडून एकादशी. आता याला कोन कापतंय ते बघते मी."

आम्ही सगळे मनवेलपाड्याला गेलो. केकही घेतला. बोकड खरंच धिप्पाड होता, पांढराशुभ्र, जन्मून चार तास झाले नव्हते तोवर उड्या मारत होता. फेबियनने क्लॅरनेट तोंडाला लावलं, तर आग्नेसने रवंथ करणं थांबवलं आणि पिलाने दूध पिणं थांबवलं. दोघं एकाच रोखाने त्याच्याकडे बघत राहिली. फेबियनचे आधी खांदे हलले आणि मग आवाज आला.

मी पिशवीतून मंडळाची वही काढली आणि रखमाबाईंच्या अंगणात उकिडवी बसून माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: नर. नाव फेबियन. जात बोळिंजी. आत्या भागूबाई. आत्याचा रकाना त्या वहीत नव्हता, तो मी स्वतः आखला.